मधलं दार जैसे थे

आमच्या घरात सत्ता कुणाची, हे मला विचारू नका. ते न्यायप्रविष्ट आहे. हा शब्द काही मी शाळेत शिकले नाही, शाळा माझी लवकरच सुटली. हा आमच्या मालकांनी घरात आणला. त्यांना असले शब्द इतके आवडायला लागलेत की परवा मी नुसतं विचारलं, "चहा घेणार का?" तर म्हणाले, "विचाराधीन हाय." माणूस एकदा कोर्टाची पायरी चढून आला की असा होतो. चहा थंड झाला, मग मीच पिऊन टाकला. त्यावर अपील नाही.

आमचं घर पेठेत आहे, रस्त्याला लागून. सासऱ्यांनी बांधलेलं, साधं स्लॅबचं. मधोमध एक भिंत आणि त्या भिंतीत एक दार. दाराच्या अलीकडं मी आणि मालक. पलीकडं धाकटे दीर, म्हणजे भावजी, आणि माझी जाऊ. पोरंबाळं सगळी आपापल्या मार्गाला लागली. घरात उरली माणसं चार आणि पक्ष दोन.

भांडण आहे रस्त्याकडच्या खोलीवरून. तिला शटर लावलं की झकास गाळा होतो. सासूबाई होत्या तोवर त्या खोलीत त्यांची कॉट होती, आणि कॉटवर त्या होत्या, त्यामुळं कुणाला शटर दिसत नव्हतं. त्या गेल्या, कॉट निघाली, आणि दोघा भावांना एकदमच कायदा आठवला. भावजींचं म्हणणं, वाटणी तोंडी कधीच झाली, चूल वेगळी मांडली तेव्हाच झाली, आणि ती खोली माझ्या वाट्याची. मालकांचं म्हणणं, कसली वाटणी? घर एकत्र आहे, कुटुंब एकत्र आहे, खोली दोघांची. एकत्र कुटुंब आहे हे सांगायला दोघांनी वेगवेगळे वकील केले. कोर्टानं दोघांचं ऐकून घेतलं आणि सांगितलं, निकाल लागेपर्यंत जैसे थे.

आता 'जैसे थे' म्हणजे काय, हे वकिलांनी नीट समजावलं होतं. विकायचं नाही, पाडायचं नाही, नवं बांधायचं नाही. पण आमचे दोघे वकिलांच्याही पुढचे. तेवढ्यात आमच्या मोरीतला नळ गळायला लागला. मी म्हटलं, वायसर बदलून आणा. मालक म्हणाले, "हात लावू नको. जैसे थे हाय."

"अहो, जैसे थे म्हंजे आधी हुतं तसं. आधी नळ गळत न्हवता."

"आदेश निघाला त्या दिवशी गळत हुता का न्हाय?"

"त्याच दिवशी सुरू झाला."

"मग गळू दे. कोर्टानं बघितलाय त्यो."

कोर्टानं आमचा नळ कधी बघितला, देव जाणे. पण तेव्हापासून तो कायद्याच्या संरक्षणाखाली गळतोय.

पलीकडं भावजींची वेगळीच तऱ्हा. पाण्याची मोटर आणि टाकीचा कॉक त्यांच्या बाजूला. त्यामुळं पाणी कधी सोडायचं, किती सोडायचं, हे ते ठरवणार. त्या काळात आपल्या महापालिकेतही नगरसेवक नव्हते. आरक्षणाचा प्रश्न कोर्टात, म्हणून निवडणूक अडकलेली, म्हणून कारभार प्रशासकाकडं. अशी वर्षामागून वर्षं गेली. भावजी रोज सकाळी तालमीच्या कट्ट्यावर बसून गर्जायचे, "लोकांनी निवडून न दिलेला माणूस गावाचं पाणी ठरवतोय, ह्याला काय लोकशाही म्हणायची?" माना डोलायच्या. मग भावजी घरी यायचे आणि आमच्या टाकीचा कॉक बंद करायचे. त्यांना कुणी निवडून दिलं होतं, हे मला अजून कळलेलं नाही. मी तर मत दिलं नव्हतं.

राज्यपालांवर तर त्यांचा फार राग. टीव्हीवर चाललेलं असायचं, विधानसभेनं केलेल्या कायद्यावर राज्यपाल सही करत नाहीत, कागद दाबून बसतात, कोर्ट एकदा म्हणतं मुदत पाळा, पुन्हा म्हणतं मुदत घालता येत नाही. भावजी टीव्हीला म्हणायचे, "अरं, सही करायला काय झालंय मर्दा तुला? सत्तेचा माज, दुसरं काय!" घराच्या लाईट मीटरवर दोघांची नावं लावायच्या अर्जावर मालकांनी त्यांची सही मागितली होती. तो अर्ज तेव्हा त्याच टीव्हीखाली पडलेला होता. अजून आहे. त्याच्यावर आता चष्म्याचं घर ठेवतात.

तर असं हे राज्य. पुढं गावाला निवडणूक मिळाली, नगरसेवक आले, गुलाल उधळला. घरात मात्र प्रशासकच राहिला.

आता जावेचं सांगते, कारण खरी गोष्ट तिची आहे. बाकीचे नुसते खुर्चीवर बसलेत.

जाऊ माझ्याहून लहान. लग्न होऊन आली तेव्हा भाकरी अशी थापायची, की परातीत चंद्र उतरल्यासारखा दिसायचा. दोघी एका चुलीवर बरीच वर्षं राबलो. मग नवऱ्यांनी चुली वेगळ्या केल्या, आम्ही केल्या नाहीत, हे लिहून ठेवते. दोन-एक वर्षांमागं तिचे हात कापायला लागले. आधी उजवा, मग दोन्ही. दवाखान्यातनं गोळ्या आल्या, कंप थोडा कमी झाला, गेला नाही. एके दिवशी फोडणीचं तेल सांडलं. पायावर नाही पडलं, फरशीवर पडलं, पण भावजी घाबरले. आणि घाबरलेला पुरुष काय करतो? निर्णय घेतो.

"हिला मुरगूडला ठेवतो लेकीकडं," ते म्हणाले. "थोडं दिवस."

लेक मुरगूडला दिलेली. चांगली आहे, जावईही चांगला. पण 'थोडं दिवस' म्हणजे किती, हे आम्हा बायकांना कळतं. माहेरी गेलेली बाई परत येते. लेकीकडं ठेवलेली आई तिथंच राहते, कोपऱ्यात, कुणाला अडचण होऊ नये म्हणून पाय आखडून. जाऊ त्या दुपारी मधल्या दारात येऊन उभी राहिली. एका हातानं दुसरा हात धरलेला. म्हणाली, "आक्का, मला हितनं हलवू देऊ नकासा. तिथं सगळी कामावर जात्यात. दिवसभर मी भिंतीकडं बघत बसू व्हय? हितं निदान तुमी हाय."

मी म्हटलं, "स्वयंपाक थांबला की तुला न्हेतील. मग थांबायचाच न्हाय. मी करतो दोन्हीकडचा."

लिहिताना मी 'करते' लिहिते, बोलताना 'करतो' म्हणते. आमच्याकडच्या बायका 'मी जातो, मी येतो' असंच बोलतात. परगावची माणसं बघत राहतात. बोलण्यात आम्ही कधीच पुरुष झालोय, अधिकार तेवढे यायचे राहिलेत.

तर तेव्हापासून आमच्या घरात एकच चूल. माझी. भावजी कट्ट्यावर गेले आणि मालक पेपरात तोंड घालून बसले की मधल्या दारातनं पातेली पलीकडं जायची. जाऊ मटार सोलायची, लसूण निवडायची, गोष्टी सांगायची, मी भाकऱ्या टाकायची. ताट वेळेवर येतंय म्हटल्यावर भावजींनी मुरगूडचं नाव सोडलं. नवऱ्यांना काही सांगायचं नाही, हे ठरलेलं. भावजींना कळलं तर बायकोला मुरगूडला धाडणार. मालकांना कळलं तर ते धावत वकिलाकडं जाणार, 'एकत्र कुटुंबाचा पुरावा सापडला' म्हणून, आणि तिकडनं ते भावजींनाच कळणार.

तुम्ही म्हणाल, एवढं चालतं आणि घरातल्या पुरुषाला कळत नाही? अहो, कळायला स्वयंपाकघरात पाऊल टाकावं लागतं. भावजींनी तिथं पाऊल टाकलं असतं तर बहुतेक कोर्टाचा अवमान झाला असता. उलट ते कट्ट्यावर सांगायचे, "आमचा सिलिंडर बघा किती दिवस जातोय. काटकसर लागती बाईला!" आणि आमचे मालक मला ऐकवायचे, "तुझा हात लई सढळ. सिलिंडर आला न्हाय तवर संपतोय. जरा पलीकडं बघून शीक."

सगळ्यात भारी म्हणजे जेवण. भावजी पलीकडं आमटी भुरकायचे आणि मला ऐकू जाईल अशा आवाजात बोलायचे, "व्वा! ह्याला म्हणायचं आमटी. वैनीची म्हंजे नुसतं पाणी. दादा कसा खातोय, त्यालाच ठावं." मी इकडं त्याच पातेल्यातली आमटी दादांना वाढत असायची. आणि दादा म्हणायचे, "बघ, बघ. तिकडनं वास कसा येतोय. जरा विचार तिला मसाला कुठला घालती." मी म्हणायची, "विचारतो." जाऊ पलीकडं पदर तोंडात कोंबून हसायची. मला भिंतीतनं कळायचं.

हे असंच चाललं असतं. पण शिरगणती आली.

गावात तिच्याआधी तिची चर्चा आली. ह्यावेळी जात विचारणार म्हणून सगळे पेटलेले. कट्ट्यावर, चहाच्या टपरीवर, दूध घालायला गेलं तर डेअरीतसुद्धा तेच, मराठा लिहायचं की कुणबी? कुणाच्या आज्याचा शाळेचा दाखला, कुणाचा जुना उतारा. आमच्याकडं दोघा भावांनी ह्या एकाच बाबतीत पुन्हा बोलायला सुरुवात केली. आज्याचा दाखला शोधायला दोघं मिळून गेले, दोघं मिळून परत आले, आणि दाखला कुणाच्या कपाटात ठेवायचा यावरून पुन्हा अबोला धरला. दाखल्याच्या दोन झेरॉक्स काढून तंटा मिटवला. ज्या घरात एका आज्याला दोन झेरॉक्स लागतात, तिथं देशाचं काय होणार, असं मला वाटून गेलं.

मग कट्ट्यावर कुणीतरी शहाण्यानं सांगितलं, की शिरगणतीत कुटुंब कसं धरतात? तर एका चुलीवर जेवतात ते एक कुटुंब. दोन चुली, दोन कुटुंबं. झालं. दोघांच्या डोक्यात एकाच वेळी लख्ख उजेड पडला. कोर्टात कित्येक तारखा ज्याच्यावर घासल्या, ते आता खुद्द सरकारच लिहून घेणार! भावजी म्हणायला लागले, दोन चुली लिहिल्या की वाटणी सिद्ध. मालक म्हणायला लागले, एक लिहिली की एकत्र कुटुंब सिद्ध. मालकांना अर्थात चुली दोनच आहेत असं वाटत होतं. पण ते म्हणाले, "सांगायला काय जातंय?"

आणि एका सकाळी दारात टेम्पो उभा राहिला. ड्रायव्हर विचारतोय, "पावणं, विटा कुठं टाकू?" आणि भावजी सांगतायत, "आत घ्या, त्या मधल्या दाराजवळ."

मी पदर खोचून दारात. "कशाला विटा, भावजी?"

"दार बुजवायचंय, वैनी. शिरगणतीवाली येणार. दार दिसलं की म्हणंल, एकच घर हाय."

त्यांच्या मागं जाऊ उभी होती. एका हातानं दुसरा हात धरलेला. दार गेलं की पातेलं जाणार नाही, पातेलं गेलं नाही की फोडणीचं तेल पुन्हा तिच्या हातात, आणि मग मुरगूड. हे त्या भिंतीजवळ फक्त आम्हा दोघींना माहीत होतं.

मी म्हटलं, "भावजी, जैसे थे हाय की."

"म्हंजे?"

"म्हंजे बांधकाम न्हाय. तुमच्याच वकिलानं सांगितलंय. एक वीट लागली की मी स्वतः जातो कोर्टात. आता काय लांब न्हाय, हायकोर्टबी गावातच आलंय. रिक्षानं जातो."

"अवो, ही भिंत न्हाय वैनी. नुसतं दार बंद करणं हाय."

"आमच्या नळाचा वायसर बांधकामात बसतोय, आन् तुमची भिंत बसत न्हाय व्हय?"

पेपरामागनं मालक उठले. "बरोबर हाय!" म्हणाले. "जैसे थे! एक वीट लावायची न्हाय!" लग्न झाल्यापासून त्यांनी 'बरोबर हाय' असं मला कधी म्हटल्याचं आठवत नाही. मी भिंतीचा आधार घेतला.

भावजी चिडले. टेम्पोवाल्याला म्हणाले, "उचला मग विटा." तर मालक आडवे. "आता हलवायच्याबी न्हाईत. आल्यात तशा राहतील. जैसे थे!" टेम्पोवाल्यानं दोघांकडं बघितलं, नमस्कार केला आणि निघून गेला. विटा राहिल्या. ज्या आदेशाला मी इतके दिवस शिव्या घातल्या, त्याच आदेशानं माझं दार राखलं. मी मनातल्या मनात कोर्टाची माफी मागितली. नळाबद्दल मात्र नाही.

शिरगणतीवाली बाई आली ती उन्हाची. तरुण मास्तरीण, कोकणातली, बदली होऊन इकडं आलेली. घाम पुसत, मोबाईल हातात. दोघे भाऊ दोन खुर्च्यांवर, दोन दारांत, दाखल्याच्या झेरॉक्स घेऊन बसलेले. मास्तरीण उभी. खुर्ची काही कुणी सोडली नाही. मी तिला विटांवर पोतं टाकून बसायला दिलं, पाणी दिलं.

"लिहून घ्या," भावजींनी झेरॉक्स पुढं केली. "जातीचं आधी."

"ते पुढच्या फेरीत, काका. आत्ता फक्त घराची माहिती," ती म्हणाली. "मुख्य धान्य कुठलं खाता तुम्ही?"

दोघांनी झेरॉक्स खाली घेतल्या. मालक म्हणाले, "धान्य?"

"गहू, तांदूळ, ज्वारी..."

"म्हंजे आज्याचा दाखला काढला त्यो ज्वारी सांगायला व्हय?"

मास्तरीण हसू दाबून म्हणाली, "ज्वारी लिहू?" मी म्हटलं, "लिहा. आन् तांदूळबी हाय म्हणून सांगतो."

तिनं 'सांगतो' ऐकून वर बघितलं. मी म्हटलं, "आमच्यात असंच बोलत्यात, बाई. घाबरू नकासा."

मग भिंत कशाची, छप्पर कशाचं, पाणी कुठलं, असं होत होत ती मुद्द्यावर आली. "या घरात कुटुंबं किती?"

"दोन!" भावजी.

"एकच!" मालक.

दोघे एकदम ओरडले. रस्त्यावरनं जाणारा भाजीवाला थांबला.

"सोपं करते," मास्तरीण म्हणाली. "एकाच स्वयंपाकघरातलं जेवतात ते एक कुटुंब. चुली किती?"

"दोन! दोन!" भावजी उठलेच. "बघा की आत येऊन. चला!"

इथं एक गंमत सांगून ठेवते. भावजी मनापासून खरं बोलत होते आणि ते खोटं होतं. आमचे मालक बिनदिक्कत खोटं बोलत होते आणि ते खरं निघत होतं. टीव्हीवरच्या चर्चांत असं किती वेळा होत असेल, त्या दिवशी मला कळलं.

सगळी वरात पलीकडच्या स्वयंपाकघरात. आम्ही दोघींनी सकाळीच तयारी केली होती. ओट्यावर दोन पातेली पालथी, परात ओली करून उभी, कोपऱ्यात कांद्याची सालं टाकलेली. नाटकमंडळीला लाजवेल असा देखावा. मास्तरिणीनं ओट्याकडं बघितलं, शेगडीकडं बघितलं. शेगडी चकचकीत. बर्नरवर डाग नाही. पोरगी हुशार. तिनं नुसतं जावेला विचारलं, "काकू, आज काय केलंत?"

"सांग की," भावजी म्हणाले. "वांगं केलंस न्हवं? आत्ताच जेवलोय बाई मी. असलं वांगं, काय सांगू! पलीकडं मिळायचं न्हाय तसलं."

जावेनं पदराचं टोक हातांनी धरलं होतं आणि पदर हलत होता. मला राहवेना. आमच्या मालकांचा खटला बुडाला तर बुडू दे, म्हटलं, "दोन लिहा, बाई. दोन चुली हायत. मी सांगतो न्हवं?"

मालकांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी पक्षांतर केलंय.

आणि जाऊ म्हणाली, "न्हाय. एकच हाय."

"काय बोलालीस?" भावजी.

"एकच चूल हाय. आक्काची. शिरगणती हाय न्हवं ही? मग मी जिथं जेवतो, तिथंच मला मोजा. हितं उगंच रिकाम्या शेगडीम्होरं मोजू नका."

नळ गळत होता तेवढा ऐकू आला, आमच्या मोरीतला, मधल्या दारातनं.

"आन् वांगं?" भावजींनी विचारलं.

"आक्काचं."

"आन् परवाची आमटी?"

"आक्काची. तेलबी, मीठबी, समदं आक्काचं."

"मग तू काय करतीस इतकं दिवस?"

जावेनं पदर सोडला आणि दोन्ही हात पुढं धरले. मोकळे. ते हलत होते, आणि ती ते आवरायचा प्रयत्नही करत नव्हती. "मी हे आवरतो," म्हणाली. "तुमाला दिसू नये म्हणून दिवसभर हेच करतो."

भावजी त्या हातांकडं बघत राहिले. इतका वेळ तोंड बंद मी त्यांना फक्त दाढी करताना बघितलंय.

आधी तोंड उघडलं ते अर्थात आमच्या मालकांनी. "म्हंजे एकत्र कुटुंब!" टाळी वाजवली. "लिहा, लिहा! बाई, ह्याची नक्कल कुठं मिळंल? कोर्टात लावायची हाय."

"नाही मिळत, काका," मास्तरीण म्हणाली. "ही माहिती गुप्त असते. आणि कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. कायद्यातच तसं आहे."

"चालत न्हाय?" मालक.

"चालतच न्हाय?" भावजी.

दोघांनी एकमेकांकडं बघितलं. एवढी गर्जना, एवढ्या विटा, एवढ्या झेरॉक्स. दोन भावांचे चेहरे इतके सारखे आहेत, हे मला सासऱ्यांच्या तेराव्यानंतर पहिल्यांदाच दिसलं.

मास्तरीण मोबाईलवर बोट ठेवून थांबली होती. "मग एक कुटुंब. कुटुंबप्रमुख कोण लिहू?"

"मी," मालक म्हणाले. थोरले म्हणून.

"मी," भावजी म्हणाले. मोटर त्यांच्याकडं म्हणून. पण आवाज पडलेला होता.

"एकच लिहिता येतो. घरातली माणसं ज्याला मानतात तो."

"आक्का," जाऊ म्हणाली.

मी म्हटलं, "गप गं, मला कशाला वढतीस त्यात?" सत्ता आपणहून चालत आली की नको म्हणायचं असतं, एवढं मला टीव्हीनं शिकवलंय. म्हणून मी एकदाच नको म्हटलं. दुसऱ्यांदा म्हटलं नाही.

"स्त्री की पुरुष?" मास्तरिणीनं सवयीनं विचारलं, आणि स्वतःच हसली.

"स्त्री लिहा," मी म्हटलं. "बोलण्यावर जाऊ नकासा."

ती गेली. दोघे भाऊ पुन्हा आपापल्या खुर्चीवर. बिनविरोध निवडून आल्यावर हार घालतात म्हणे. मला भांडी घासायची होती.

संध्याकाळी मी भीत भीतच पातेलं उचललं. मुरगूडचं काय झालं असेल, हे मला दुपारभर टोचत होतं. भावजी फोनवर लेकीशी बोलताना ऐकलं होतं, शब्द कळले नव्हते. मधल्या दारापर्यंत गेले तर भावजी समोर. हातात ताट. स्वतःचं, रिकामं. मागं जाऊ, तिच्याही हातात ताट.

"वैनी, व्हा बाजूला," म्हणाले, आणि आत येऊन आमच्या फरशीवर बसले, मालकांच्या समोर. मालकांनी पेपर खाली केला, बघितलं, पुन्हा वर केला. थोड्या वेळानं पेपरामागनं आवाज आला, "पाट घे की मर्दा. फरशी गार हाय."

मी वाढलं. भावजींनी आमटी भुरकली आणि तोंड वाकडं केलं. "मीठ कमी हाय, वैनी."

"काल हीच भुरकून 'व्वा' म्हटलासा," मी म्हटलं.

"काल हिनं केली हुती."

जाऊ हसायला लागली. मोकळं, पदर न कोंबता. मी विचारलं, "मुरगूडला काय बोललासा?"

"काय बोलणार? म्हटलं, आई येत न्हाय. हितं तिचं जेवण हाय." आणि लगेच मालकांकडं वळून, जणू हे काही बोललेच नाहीत, "खरं दादा, ते राज्यपालाचं बघितलंस का आज? पुन्हा सही न्हाय! कोर्ट म्हणतंय..."

मालक म्हणाले, "कोर्टाचं तू सांगू नको मला. तारीख आपली सोमवारी हाय, येतोयस न्हवं?" आणि दोघांचं सुरू झालं. अधिकार कुणाचा, हुकूम कुणाचा, थांबवायचा कुणी.

जाऊ माझ्या बाजूला बसली होती. घास घेताना हात हलत होता, ताट फरशीवर खडखड वाजत होतं. भावजी राज्यपालांना शिव्या घालत होते. बोलता बोलता, तिच्याकडं न बघता, त्यांनी डावा हात लांब केला आणि तिच्या ताटाची कड बोटांनी दाबून धरली. ताट वाजायचं थांबलं. ते तसेच एका हातानं जेवत, एका हातानं ताट धरून, मोठमोठ्यानं भांडत राहिले.